न केलेली बासुंदी

"आता नवीचा नंबर," लतिका परब म्हणाली आणि सगळ्या जणी माझ्याकडं वळल्या.

मी खापरोळीचा तुकडा नारळाच्या गोड रसात बुडवत होते. तो तिथंच राहिला.

धरणाच्या वसाहतीत येऊन मला तीन महिने झाले होते आणि लग्नालाही तेवढेच. डोंगराच्या पायथ्याशी पत्र्याच्या छपरांची साठ-सत्तर घरं, पलीकडं धरणाची अर्धवट भिंत, आणि दिवसभर डंपरची घरघर. इंजिनिअर, ओव्हरसियर, मेकॅनिक राज्याच्या चारी कोपऱ्यांतून बदलून आलेले. त्यांच्याबरोबर बायका आल्या आणि बायकांबरोबर मसाल्याचे डबे. दर गुरुवारी दुपारी त्यांतल्या चार-पाच जणी कुणाच्या तरी घरी जमायच्या. नियम एकच. गेल्या आठ दिवसांत जे स्वतःच्या हातानं करून पाहिलं तेच सांगायचं. ऐकलेलं नाही, वाचलेलं नाही, 'आमच्याकडं असं करतात' तेही नाही.

नियम घातला होता कुमुदकाकूंनी. कुमुदिनी वाघुळदे, आमच्या स्टोअरकीपरांच्या पत्नी. फैजपूरकडच्या, पन्नाशीच्या, आवाज असा की पलीकडच्या ओळीतल्या घरालाही वाटावं आपल्यालाच हाक मारली. त्यांच्याकडं एक लांबट वही होती. आवडलेली कृती त्या तिच्यात उतरवून घ्यायच्या, आणि वहीत जाणं म्हणजे वसाहतीत नाव होणं.

त्या दिवशी लतिकानं खापरोळी सांगितली होती. पहिल्या दोन तव्याला कशा चिकटल्या, तिसरी कशी उलथताना फाटली, मग तिनं नवऱ्यालाच कसं तव्यापुढं उभं केलं. शमीमभाभींनी पातेल्यात वाळू तापवून नानकटाई भाजली होती. पहिला घाणा खालून काळा झाला तो त्यांनी कोंबड्यांना टाकला, तर कोंबड्याही बाजूला झाल्या. सगळ्या हसत होत्या. मीही हसत होते. पाच गुरुवार मी तेवढंच करत होते. हसायचं, खायचं आणि वाटी धुऊन परत द्यायची.

"सांग की गं," कुमुदकाकू म्हणाल्या. "रसायनशास्त्राची एम.एस्सी. आहेस म्हणे. काहीतरी तर शिजत असेल तुझ्या घरात."

खरं म्हणजे माझ्या घरात डाळ-तांदळाची खिचडी शिजत होती. सोमवारी पातळ, मंगळवारी घट्ट, बुधवारी करपलेली.

"अननसाची बासुंदी," मी म्हणाले.

हे तोंडातून कसं गेलं ते मला आजही सांगता येत नाही. दोन दिवसांपूर्वी वाण्यानं साखर बांधून दिली होती त्या कागदावर ती कृती होती. खालचा अर्धा भाग फाटलेला. दूध आटवून घ्यावं, अननसाच्या बारीक फोडी कराव्यात, आणि तिथं कागद संपला होता.

"अननस? दुधात?" लतिकानं विचारलं.

"हो. दूध निम्मं आटवायचं, साखर घालायची. कोमट झालं की फोडी सोडायच्या. वेलदोडा नको, वास मरतो." शेवटचं वाक्य माझं स्वतःचं होतं आणि मला ते फारच आवडलं.

"दूध फाटत नाही?" कुमुदकाकूंनी विचारलं.

"छे! मुळीच नाही. बुधवारीच केली. ह्यांना इतकी आवडली की पातेलं पुसून खाल्लं." आणि सगळ्यांच्या चेहऱ्यावर अजून थोडी शंका दिसली म्हणून मी म्हणाले, "माझी आई नेहमी करायची."

कुमुदकाकूंनी माझ्याकडं जरा वेळ बघितलं. मग वही उघडली, पेन्सिलीचं टोक जिभेला लावलं आणि लिहायला सुरुवात केली.

घरी जाताना मी जवळजवळ उड्या मारत गेले.

शनिवारी आमच्या वसाहतीत भाजीची गाडी यायची. मी भेंडी निवडत होते, तेवढ्यात मागून काकूंचा आवाज आला. "हेमांगी! बघ, मिळाला!"

त्यांच्या पिशवीतून अननसाचा हिरवा तुरा बाहेर डोकावत होता. त्या काळात आमच्याकडं अननस म्हणजे अपूर्वाई. स्टोअरच्या ट्रकवाल्याला सांगून त्यांनी तो शहरातून आणवला होता.

"उद्या करते तुझी बासुंदी," त्या म्हणाल्या. "तीन लिटर दूध सांगितलंय."

माझ्या हातातली भेंडी मोडली. "उद्या? काही विशेष आहे का काकू?"

काकूंनी मला गाडीपासून बाजूला, कडुनिंबाखाली नेलं. एवढ्या मोठ्या आवाजाची ती बाई अगदी हळू बोलायला लागली.

"माझी बहीण येतेय. शकू. माझ्याहून तीन वर्षांनी लहान. तिच्या यजमानांचं धरणावर पंपाचं काही काम आहे, त्यांच्याबरोबर येते म्हणून पत्र आलं. नऊ वर्षांनी येतेय."

"नऊ वर्षं भेटला नाहीत?"

"बोललोच नाही, तर भेटतो कशाच्या? आमची माय गेली, तिच्या वर्षश्राद्धाला मी खीर केली होती. जेवायला बसलेले सगळे वाहवा करत होते. शकू म्हणाली, माय खिरीत जायफळ घालत नव्हती. चारचौघांत. मी म्हटलं, तुला काय ठाऊक, माय सहा महिने अंथरुणावर होती तेव्हा तू कुठं होतीस? झालं. ती ताटावरून उठली."

काकूंनी पदरानं अननसावरची धूळ पुसली.

"आता तिला काय वाढू, सांग. मांडे केले तर म्हणेल माय असे करत नव्हती. भरीत केलं तर म्हणेल माय वांगी अशी भाजत नव्हती. माहेरचं काही ताटात आलं की आम्ही दोघी पुन्हा तिथंच. म्हणून ठरवलं, आमच्या मायचं काही करायचंच नाही. पुऱ्या, बटाट्याची भाजी, मसालेभात आणि तुझी बासुंदी. तुझ्या आईची. तिच्यावर शकूचाही हक्क नाही आणि माझाही नाही. बरोबर की नाही?"

"बरोबर," मी म्हणाले. भेंडी तिथंच टाकून मी निघाले.

घरी येऊन मी नवऱ्याला, श्रीरंगला, सगळं सांगितलं. तो वर्तमानपत्र वाचत होता. शांतपणे ऐकून त्यानं कागदाची घडी घातली.

"मी ही बासुंदी कधी खाल्ली?"

"बुधवारी."

"मला आवडली?"

"फार. पातेलं पुसून खाल्लंत."

"बरं झालं सांगितलंस. काकांनी विचारलं तर माझी पंचाईत झाली असती." तो हसला. मग हसणं थांबवून म्हणाला, "आणि आई करायची, असंही म्हणालीस?"

मी मान हलवली. उठून त्यानं दूध किती आहे ते बघितलं.

"लिटरभर आहे. तू रसायनशास्त्रवाली ना? करून बघ. जमलं तर प्रश्नच मिटला."

पण अननस कुठून आणायचा? पंचक्रोशीत एकच होता. संध्याकाळी पाचला मी काकूंच्या दारात उभी राहिले. घर झाडून-पुसून लख्ख केलेलं. खिडक्यांना धुतलेले पडदे. काकू एका जुन्या पलंगपोसाला इस्त्री करत होत्या आणि गुणगुणत होत्या. त्यांना गुणगुणताना मी कधी ऐकलं नव्हतं.

काकू, मी खोटं बोलले, असं वाक्य मी रस्ताभर पाठ केलं होतं. प्रत्यक्षात म्हणाले, "काकू, अननसाची एक फोड मिळेल का?"

त्यांनी इस्त्री उभी केली, माझ्याकडं बघितलं, आत गेल्या आणि अननसाचा चांगला पाव भाग कापून, ताटलीत घालून दिला. कशाला हवा, असं एका शब्दानंही विचारलं नाही. त्यामुळं मला अधिकच वाईट वाटलं.

मग आमच्या स्वयंपाकघरात प्रयोगशाळा सुरू झाली. कढत दुधात फोडी टाकल्या. क्षणात चोथा आणि पाणी वेगळं. दूध कोमट करून टाकल्या, म्हणजे अगदी मी सांगितलं होतं तसं. जरा वेळ बरं दिसलं. श्रीरंगनं घड्याळ लावलं. वीस मिनिटांनी गुठळ्या धरल्या आणि चव घेतली तर कारल्याचा रस परवडला. श्रीरंगनं चूळ भरली आणि म्हणाला, "हे मी पुसून खाल्लं?"

तेव्हा कुठं मला शिकलेलं आठवलं. दुधातल्या प्रथिनांचे तुकडे करणारं काहीतरी कच्च्या अननसात असतं. त्याच्यावर मी परीक्षेत अर्धं पान लिहिलं होतं आणि त्याला चांगले गुणही पडले होते. उष्णता दिली की त्याचा जोर जातो. म्हणजे अननस आधी शिजवायला हवा. साखरेत फोडी शिजवल्या. पण गरमागरम दुधात घातल्या आणि पुन्हा फाटलं, आता आंबटपणामुळं. दूध संपलं. श्रीरंग भांडं घेऊन परबांकडं गेला आणि अर्धा लिटर उसनं घेऊन आला. "लतिकावहिनींनी विचारलं, बासुंदी करताय का," तो म्हणाला. "मी म्हटलं, होय, नेहमीचीच."

शेवटच्या चार फोडी साखरेत मऊ शिजवून पूर्ण गार केल्या. दूध आटवून तेही गार पाण्यात ठेवून थंड केलं. मग दोन्ही एकत्र केलं आणि आम्ही दोघं वाटीकडं बघत बसलो, एखाद्या आजाऱ्याच्या उशाशी बसावं तसे. अर्धा तास गेला. फाटलं नाही. मी चमचाभर तोंडात घातली. कडू नव्हती. चक्क छान होती.

"जा आणि सांग," श्रीरंग म्हणाला.

घड्याळात आठ वाजले होते. काकूंकडचा दिवा दिसत होता. माझ्या डोळ्यांपुढं त्यांचं ते गुणगुणणं आलं. आज तरी त्यांना सुखानं झोपू दे, असं मी स्वतःला सांगितलं. सकाळी लवकर जाऊ. पाहुणे दहाला येणार, काकू काही पहाटे बासुंदीला लागणार नाहीत. खरी गोष्ट अशी की मला भीती वाटत होती.

रविवारी साडेसातला मी गेले, तर काकू पहाटे पाचपासून कामाला लागलेल्या. मोठं पितळी पातेलं शेगडीवरून उतरवून खाली ठेवलं होतं आणि त्या त्याच्यासमोर पाटावर बसल्या होत्या. पातेल्यात पिवळट पाणी होतं आणि त्यावर गुठळ्या तरंगत होत्या.

त्यांनी मान वर केली नाही. "तू सांगितलंस तसंच केलं," त्या म्हणाल्या. "कोमट झाल्यावर घातलं."

"काकू, मी ती बासुंदी केलेलीच नव्हती."

"ते मला गुरुवारीच कळलं."

मला वाटलं माझ्या ऐकण्यात चूक झाली.

"ज्यानं केलेलं असतं ना, तो आधी काय बिघडलं ते सांगतो," काकू म्हणाल्या. "लतिकाचं तव्याला चिकटलं, शमीमचं करपलं. तुझं काहीच झालं नाही. असं कुणाचं होत नाही."

"मग तुम्ही केलीत कशाला?"

आता त्यांनी माझ्याकडं बघितलं. डोळे लाल होते, आणि त्यांत राग होता. मला तो चांगलाच कळला.

"आई करायची म्हणालीस म्हणून. मला वाटलं, पोरीनं स्वतः केली नसेल, पण आईला करताना तर बघितलंय. आईच्या नावावर कुणी खोटं सांगतं का?"

मी उत्तर देणार तोच बाहेर जीपचा भोंगा वाजला. अजून आठही वाजले नव्हते. काकू धडपडत उठल्या. पातेलं झाकायला झाकण शोधलं, ते सापडेना, म्हणून त्यांनी त्यावर परात उपडी घातली. हात पदराला पुसले. केसांवरून हात फिरवला. त्या पन्नास वर्षांच्या बाईचा चेहरा शाळेत उशिरा आलेल्या मुलीसारखा झाला होता.

शकूमावशी दारातून आत आल्या. काकूंसारख्याच उंच, तेच नाक, फक्त केस अधिक पांढरे. त्यांचे यजमान जीपमधूनच धरणाकडं गेले होते.

"नमस्कार. बऱ्या आहात ना?" शकूमावशी म्हणाल्या.

सख्ख्या बहिणीला 'आहात'! काकूंनी ओठ आवळले. "बरी आहे. तुम्ही लवकर आलात."

"रस्ता मोकळा होता."

दोघी उभ्याच. बसा म्हणायचं काकूंना सुचेना आणि शकूमावशींना आपण होऊन बसवेना. शेवटी मावशींनी नाक वर करून वास घेतला. "काही फाटलंय का?"

"नाही," काकू म्हणाल्या.

मावशी सरळ स्वयंपाकघरात गेल्या. परात उचलली, पातेल्यात बघितलं, आणि बोट बुडवून जिभेवर ठेवलं. त्यांचा सगळा चेहरा गोळा झाला.

"हे काय आहे?"

माझ्या मनात आलं, आता काकू माझ्याकडं बोट दाखवतील. दाखवायलाच हवं होतं.

"अननसाची बासुंदी," काकू म्हणाल्या. "मी केली. बिघडली."

"काकूंनी नाही बिघडवली," मी म्हणाले. माझा आवाज इतका मोठा आला की दोघी दचकल्या. "मी हेमांगी. पलीकडच्या ओळीत राहते. ही कृती मी सांगितली. फाटक्या कागदावर वाचली होती. कधी केली नव्हती. आणि माझी आई करायची असं म्हणाले, तेही खोटं. मी चार वर्षांची होते तेव्हा आई गेली. मी हॉस्टेलात वाढले. ती काय करायची, कसं करायची, मला एका पदार्थाची चव आठवत नाही. तुम्ही सगळ्या जणी बोलताना माय असं करायची, आई तसं करायची म्हणता. मला वाटलं, आपलीही एक असावी. एखादीच. बासुंदी तर बासुंदी."

मी रडणार नव्हते. पण ते माझ्या हातात राहिलं नाही.

बाहेर डंपर गेला, त्याची घरघर लांब होत गेली. मग शकूमावशींनी पाट ओढला आणि त्या पातेल्याशेजारी मांडी घालून बसल्या. जरा वेळानं त्यांनी वर बघितलं, माझ्याकडं नाही, बहिणीकडं.

"कुमुद," त्या म्हणाल्या, "माय जायफळ घालत व्हती."

काकू काही समजलं नाही अशा बघत राहिल्या.

"मले माहीत व्हतं. तवाही माहीत व्हतं. सगळे म्हणू राह्यले, कुमुदनं केली, कुमुदनं केली. मी तिथी कोपऱ्यात बसेल व्हती. मायच्या आजारपणात मी आली नाही, हे मलेच खात व्हतं. वाटलं, काहीतरी एक माझं असू दे. तर ते जायफळ निघालं तोंडातून."

शुद्ध मराठी कुठल्या कुठं गेली होती. मला अर्धं कळत होतं, पण जे कळायचं ते कळत होतं.

"आणि मी तुले तेच लागेल असं बोलली," काकू म्हणाल्या.

"बोलली ना. नेम धरून बोलली."

"नऊ वर्सं वं, शके!"

"मंग? पत्र तू टाकायचं व्हतं का मी?"

"मोठी मी आहे."

"मंग तूच टाकायचं व्हतं!"

दोघी एकमेकींकडं बघत होत्या आणि मला कळेना आता पुन्हा भांडण लागतंय की काय. तेवढ्यात शकूमावशींनी पातेल्यातली एक गुठळी चमच्यानं उचलून बहिणीच्या नाकापुढं धरली. "हे वाढणार व्हती मले? नऊ वर्सांनी आलेल्या बहिणीले? हे तर जहर हाय वं माय!"

काकूंना हसू फुटलं. ते असं फुटलं की त्यांना भिंतीला धरावं लागलं. शकूमावशी पाटावरच मागंपुढं झुलत हसायला लागल्या. मी नाक पुसत दोघींकडं बघत होते आणि नकळत मीही हसत होते.

हसून झाल्यावर मावशींनी पदर खोचला. "मी पहाटे चारला निघाले. पोटात चहाशिवाय काही नाही. तू रडणारी, तुझं नाव काय म्हणालीस? हेमांगी. दूध मिळेल का कुठं?"

दूध मिळालं. श्रीरंग बरणी घेऊन अर्ध्या वसाहतीत फिरला. शमीमभाभींनी अर्धा लिटर दिलं, परबांनी लिटरभर दिलं आणि वर विचारलं, की तुम्ही दोघं एवढ्या दुधाचं करता तरी काय. तांदूळ धुऊन मावशींनी माझ्यापुढं ठेवले. "जाडसर वाट."

"मला खीर येत नाही."

"येत नाही म्हणूनच म्हणते."

त्या सकाळी मी जे शिकले ते दोन शिक्षकांच्या हातून एकाच वेळी शिकले, आणि दोघींचं एकमत एका वाक्यावरही नव्हतं. काकू म्हणाल्या, तांदूळ आधी तुपावर परत. मावशी म्हणाल्या, परतायचे पण रंग बदलू द्यायचा नाही. काकू म्हणाल्या, रंग जरा बदलायलाच हवा. मी हात थांबवला की दोघी एकदम ओरडायच्या, "ढवळ, ढवळ!" साखर कधी घालायची यावर दहा मिनिटं वाद झाला. त्यात खीर एकदा खाली लागली. दोघींनी एकमेकींना दोष दिला, आणि मग दोघींनी मिळून मला. जायफळ मात्र दोघींनी मिळून माझ्या हातात दिलं. किसणी काकूंनी धरली आणि पुरे केव्हा ते मावशींनी सांगितलं.

पहिला चमचा त्यांनी मला दिला.

"कशी झालीय?" काकूंनी विचारलं.

"चांगली लागतेय," मी म्हणाले. "पण मी कशाशी ताडून सांगू?"

मावशींनी वाटी माझ्या हातात दिली. "आता हिच्याशी ताडायची. यापुढं."

मी ती वाटी खिडकीशी उभी राहून खाल्ली. दुधाला किंचित करपल्याचा वास होता, तांदूळ कुठं जाड कुठं बारीक होते, आणि जायफळ जिभेच्या मागच्या बाजूला हळूहळू जाणवत होतं. मी घाई केली नाही.

दुपारी मग पुऱ्या झाल्या, भाजी झाली, आणि 'मायचं काही करायचं नाही' हे ठरलेलं असूनही वांगी भाजली गेली. अननसाच्या उरलेल्या फोडी मी साखरेत शिजवून त्यांत गार केलेलं आटवलेलं दूध घातलं. मावशींनी चव घेतली आणि म्हणाल्या, "हे खाता येतं." गुरुवारची बैठक आणि तिचा नियम मावशींना सांगत काकूंनी वही आणली. गुरुवारचं पान काढून त्यावर काट मारली आणि खाली नव्यानं लिहायला लागल्या. काय काय बिघडलं ते आधी सांग, म्हणाल्या. मी सांगत गेले, पान उलटलं तरी सांगत होते.

चार वाजता जीप परत आली. शकूमावशींचे यजमान, गोरेपान, बुटके गृहस्थ, चपला काढत आत आले. आपली बायको आणि मेहुणी एकाच चटईवर बसून शेंगा सोलताहेत हे बघून ते दारातच थबकले. पण शहाणे होते. काहीही न विचारता पाटावर बसले.

काकूंनी त्यांच्यापुढं खीर ठेवली. ते पहिला घास घेऊन थांबले. दुसरा घेतला. मग वाटीत बघत म्हणाले, "ही तर सासूबाईंच्या हातची."

काकूंनी मावशींकडं बघितलं, मावशींनी काकूंकडं.

"या पोरीनं केलीय," दोघी एकदम म्हणाल्या.

गृहस्थांनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. "हो का? कुणाकडून शिकलीस?"

मी त्या दोघींकडं बोट दाखवलं. ते हसले आणि वाटी पुढं केली. मी वाढली. मग ते घड्याळ बघत म्हणाले, "शकू, निघायचं ना? अंधाराच्या आत घाट उतरायला हवा."

"तुम्ही व्हा पुढं," शकूमावशी शेंगा सोलता सोलता म्हणाल्या. "मी गुरुवारनंतर येते."